तापलेली जमीन, उघडे पाय: फोंड्यातल्या आमच्या वसाहतीच्या उन्हाळी नोंदी

२ मार्च

जानेवारीत आमच्या गल्लीचं हॉटमिक्सिंग, म्हणजे नवं डांबरीकरण, झालं. रस्ता गुळगुळीत झाला, खड्डे गेले, स्कूटर चालवणारे खूश आहेत. पण आमची वसाहत पठारावर आहे. रस्त्याकडेला मोठं झाड म्हणाल तर एकच, फणसाचं. आणि ताजं काळंकुट्ट डांबर ऊन जवळजवळ सगळंच पिऊन घेतं. जुना रस्ता झिजून राखाडी झाला होता, तो थोडंफार ऊन परत तरी फेकायचा. गेल्या उन्हाळ्यातही इथे लंगडणारी कुत्री पाहिली आहेत. यंदा ती जास्त दिसणार हे उघड आहे. म्हणून ही वही.

कामात शेजारची तीन-चार घरं, कॉलेजला जाणारी दोन मुलं, बँकेतून निवृत्त झालेले काका आणि त्यांचा लॅब्राडोर ब्रूनो, शिवाय कोपऱ्यावरच्या बांधकामावरचे गवंडी मामा. गल्लीतली कुत्री म्हणजे काळू, राणी, तिची पिल्लं आणि सोन्या. घरातली म्हणजे ब्रूनो, एक पग आणि एक पॉमेरियन. मांजरांची मोजदाद नाही.

ठरलं ते असं: पाऊस येईपर्यंत ही जनावरं जिथून चालतात ती जमीन तपासायची, आणि सावलीपासून पाण्यापर्यंत व पाण्यापासून खाण्यापर्यंत पाय न भाजता जाता येईल अशी वाट करून द्यायची.

५ मार्च

वर्गणीसाठी फिरताना एकच वाक्य दारोदार ऐकलं: "कुत्र्यांना कसलं भाजतंय, त्यांना सवय असते." याचं उत्तर नीट द्यायला हवं, म्हणून इथे लिहून ठेवते.

कुत्र्याच्या तळव्याची गादी जाड असते हे खरं. वर केराटिनचा खरबरीत थर, खाली चरबी. खडे, काटे, थोडी थंडी, थोडं ऊन यासाठी ती बनलेली आहे. रानवाटेवर, मातीवर, पाचोळ्यावर वाढलेल्या जनावराला ती पुरते. पण शेवटी ती कातडीच आहे. जिवंत कातडी किती तापमानाला किती वेळात भाजते हे मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ साली मोजून ठेवलं आहे: ४४ अंशांना सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना पाच सेकंदांच्या आसपास. तळवा जाड म्हणून वेळ थोडा वाढेल, इतकंच. आकडे कसे कोसळतात ते पाहण्यासारखं आहे. सोळा अंश वाढले की तासांचे सेकंद होतात. हवेत ३३ अंश असताना उन्हातलं डांबर ५५-६० अंशांच्या घरात सहज जातं. आणि गोव्यात ३३ अंश म्हणजे कुणाला उन्हाळा वाटतच नाही, नुसता घाम वाटतो.

पिल्लांचे तळवे मऊ. म्हाताऱ्या कुत्र्यांचे चिरलेले. आणि दिवसभर घरातल्या फरशीवर लोळणाऱ्यांचे तर माणसासारखेच नाजूक. "सवय" असलीच तर ती काळूला आहे, ब्रूनोला नाही.

९ मार्च

इन्फ्रारेड थर्मामीटर आला. नेम धरून घोडा दाबायचा, आकडा दिसतो. पहिली फेरी दुपारी दीडला.

वेळ दीडचीच का, तर गोवा आपल्या घड्याळाच्या रेखांशापासून बराच पश्चिमेला आहे. इथे सूर्य बाराला डोक्यावर येत नाही, साडेबारा उलटल्यावर येतो. जमीन त्यानंतरही तापत राहते. त्यामुळे "बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल" हा हिशेब इथे लागू पडत नाही.

हवा ३३. नवं डांबर ५९. मागच्या गल्लीतला जुना, पांढुरका पडलेला रस्ता ५३. लाल पेव्हर ब्लॉक ५२. गवंडी मामांच्या कामावर पडलेले चिरे उन्हात ४८. शेजारच्या काकींच्या घरामागचं शेणानं सारवलेलं अंगण उन्हात ४७, तिथेच तुळशीवृंदावनाच्या सावलीत ३३. हिरवळ, जिला रोज पाणी मिळतं ती, ३६. फणसाखाली डांबरच, पण ३५.

शेवटचा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. डांबर तेच, दिवस तोच, फक्त वर पानं आहेत, आणि चोवीस अंश कमी.

१४ मार्च

आज यंत्राच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. पुढचं सगळं काम त्यावर उभं राहणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गटारावरची लोखंडी जाळी यंत्रावर ४४ दाखवत होती. बाजूचं डांबर ५८. मुलांना वाटलं जाळी थंड आहे. मामांनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चाकांनी घासून जाळी चकचकीत झाली आहे, आणि असलं यंत्र वस्तूतून बाहेर पडणारे उष्णतेचे किरण वाचतं. चकचकीत धातू स्वतःचे किरण कमी सोडतो आणि आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो, म्हणून आकडा खोटा पडतो. त्यावर रंग किंवा चिकटपट्टी लावून मोजलं तर खरं कळतं. आम्ही चिकटपट्टी लावली: साठीच्या पुढे.

मग उलट गोष्ट. काकींकडे जुनं काथ्याचं पायपुसणं उन्हात होतं. त्यावर नेम धरला तर ६१. डांबरापेक्षा जास्त! पण हात ठेवला तर सहज ठेववतो. कारण काथ्या उष्णता साठवत नाही आणि पुढे ढकलतही नाही. वरचे धागे तापलेले असतात, पण कातडी टेकली की क्षणात निवतात, खालून नवी उष्णता येत नाही. डांबर आणि लोखंड मात्र पोटात साठवलेली उष्णता पायात ओतत राहतात.

म्हणजे नुसता आकडा पुरेसा नाही. हाताचा पंजा उलटा करून, मागची बाजू जमिनीवर टेकवायची आणि सात सेकंद धरायची. धरवत नसेल तर तिथे कुत्र्याला चालवायचं नाही. मागची बाजू अशासाठी की तिथली कातडी पातळ असते. भांडी घासून नि फावडं धरून निबर झालेल्या तळव्याचा कौल घेऊ नये. हा सोपा उपाय पशुवैद्य कायम सांगतात, आता आम्हाला त्यामागचं कारणही समजलं. यंत्र तुलनेसाठी, निर्णय हाताचा.

मामा म्हणाले, देवळात काय करतात बघा. बरोबर आहे. उन्हाळ्यात देवळांच्या आवारात अनवाणी भाविकांसाठी काथ्याची पायघडी घालतात, कुठे पांढऱ्या रंगाचा पट्टा मारतात. माणसाच्या उघड्या पायांसाठी जे आपण करतो तेच इथे करायचं आहे.

२२ मार्च

वेळांचं काम. संध्याकाळी पाचला काका ब्रूनोला बाहेर काढतात, कारण साडेसहाला त्यांचं भजन असतं. पाचला हवा सुखद, समुद्राकडचा वारा सुटलेला, माणसाला वाटतं झालं निवांत. रस्ता तेव्हा ४९. साडेसहाला ४१. आठ वाजता ३४. डांबर सावकाश निवतं, आणि सकाळी सूर्य उगवण्याच्या सुमारास सगळ्यात थंड असतं. म्हणून फिरणं सकाळी आठच्या आत किंवा रात्री जेवणाच्या वेळेला.

काकांनी भजनाला जायच्या आधीचं फिरणं बंद करून पहाटेचं सुरू केलं. ब्रूनोपेक्षा त्यांनाच ते जास्त मानवलेलं दिसतंय.

गल्लीतल्या कुत्र्यांना आम्ही दुपारी दोनला भात घालायचो. भांड्याचा आवाज आला की सगळी आपापल्या सावलीतून उठून भर उन्हातून धावत यायची. म्हणजे त्यांना त्या रस्त्यावर आम्हीच बोलावत होतो. आता सकाळी साडेसातच्या आत आणि रात्री आठनंतर. दोनच दिवसांत सगळ्यांनी नवी वेळ धरली.

३ एप्रिल

सोन्या मागचा उजवा पाय टेकत नाही. काकींनी हाक मारली, "अगो, हा बघ कसा करतोय!" बसकण मारून सारखा तळवा चाटत होता.

धरून पाय वर केला. मोठ्या गादीचा मागचा भाग पांढुरका पडून फुगलेला, कडेला कातडीचा पापुद्रा सुटून लोंबत होता, आणि त्याखाली ओलसर गुलाबी मांस. चाटून चाटून भोवतीचे केस तांबूस झालेले. बाकी तिन्ही पंजांच्या गाद्या नेहमीपेक्षा काळपट आणि हाताला गरम. तो विव्हळला नाही, फक्त पाय हळूच ओढून घेत राहिला. भटकं कुत्रं वेदना फार दाखवत नाही, म्हणून आवाजाची वाट पाहू नये. चाटणं, पाय उचलून चालणं, कडेकडेनं चालणं, बोलावलं तरी सावली न सोडणं हीच लक्षणं.

नळाचं साधं पाणी बारीक धारेनं दहा-पंधरा मिनिटं सोडलं. बर्फ नाही. स्वच्छ सुती फडकं सैल गुंडाळलं आणि रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मेलेली कातडी कापली, जखम धुतली, मलमपट्टी केली, चाटू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराचा पट्टा घातला. रोज पट्टी बदलायची, पट्टी ओली राहू द्यायची नाही. फोड घरी फोडायचे नाहीत.

शेजारच्या एकांनी टूथपेस्ट आणली होती, दुसऱ्या कुणी हळद-तूप. मनानं चांगलेच लोक, पण ती लावली नाहीत हे बरं झालं: जखमेत उष्णता आणि घाण दोन्ही अडकतात, आणि कुत्रं ते चाटून पोटात घेतं. झिंक असलेली मलमंही चाटल्यास विषारी. सगळ्यात महत्त्वाचं, माणसाच्या वेदनेच्या गोळ्या नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटाचं आणि मूत्रपिंडाचं नुकसान करतात, आणि पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. हा परिच्छेद मुलांनी मोठ्या अक्षरात लिहून फाटकावर लावला.

सोन्या आता काकींच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, मुक्कामाला आहे.

६ एप्रिल

मुलं ब्रूनोला घेऊन मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावर गेली होती, यंत्रासकट. दुपारी चारला कोरडी वाळू ५१, लाटांनी भिजलेली २९. अंतर जेमतेम पंधरा पावलं. ब्रूनो पाण्यात खेळला तोवर ठीक. खरा धोका परतताना होता: अर्धा तास भिजून मऊ पडलेले तळवे, वर खरखरीत वाळू चिकटलेली, आणि समोर गाड्या लावायची डांबरी जागा. ओला तळवा लवकर सोलवटतो. मुलांनी पाय गोड्या पाण्यानं धुतले, बोटांच्या बेचक्यांतली वाळू काढली, टॉवेलनं पुसले आणि गाडीपर्यंत त्याला उचलून नेलं. तीस किलोचं कुत्रं उचलणारी मुलं म्हणून लोक बघत होते म्हणे. शाबास त्यांची.

१२ एप्रिल

बुटांची चाचणी झाली. पगच्या ताईंनी ऑनलाइन मागवले होते.

माप घेताना कुत्र्याला उभं करून, अंगाचा भार पायावर असताना पंजा कागदावर गिरवावा लागतो. बसलेल्या कुत्र्याचा पंजा लहान भरतो. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे. तळाला रबर हवं, नुसत्या मोज्यांचा उपयोग नाही, उष्णता आरपार येते. सुरुवातीचे काही दिवस घरातच पाच-दहा मिनिटं घालून सवय करायची. बाहेर अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नयेत: कुत्र्याला घामाच्या ग्रंथी तळव्यातच असतात, आत ओल साचते, कातडी कुजते, घट्ट पट्ट्यानं वळ उठतो. मेणासारखी मलमं भेगांना चांगली, पण साठ अंशांच्या डांबरापुढे त्यांचं काही चालत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. दवाखान्यात न्यायचं आहे, दुसरी वाट नाही, तेव्हा बूट उत्तम. पण बूट घातले म्हणजे दुपारी फिरवायला मोकळीक, असं नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापेनं अंग निववता येत नाही. पाय वाचतील आणि उष्माघात होईल. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच ३८ ते ३९ अंश असतं, ते ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. आणि काळूला, राणीला बूट कोण घालणार? त्यांच्यासाठी जमीनच बदलावी लागेल.

२० एप्रिल

जमिनीचं काम.

आधी पाण्याच्या जागा. भांडी विजेच्या खांबाजवळ होती, आम्हाला भरायला सोपी म्हणून. तिथे पोचायला दोन्ही बाजूंनी उघडं डांबर. ती उचलून फणसाखाली, काकींच्या मागच्या अंगणात आणि बांधकामाच्या उत्तरेच्या भिंतीलगत ठेवली. स्टीलची काढून मातीची पसरट कुंडं ठेवली. खर्च काही नाही, आणि सगळ्यात मोठा फरक यानंच पडला.

मग पायघडी. फणसापासून मागच्या अंगणापर्यंत काथ्याच्या चटया, रस्त्याच्या कडेनं, गाड्यांच्या वाटेत येणार नाहीत अशा. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून टोकांना चिरे. जिथे चटई पुरली नाही तिथे गोणपाट, दुपारी बाराला आणि दोनला पाणी मारलेलं. ओलं गोणपाट भर उन्हात ३४.

चुन्याचा पट्टा फक्त काकांच्या अंगणातल्या सिमेंटवर मारला. करडं सिमेंट ५१, पांढरं ४१. सार्वजनिक रस्त्यावर मारायचा नाही यावर मामा ठाम होते: पाऊस पडला की स्कूटर घसरते. दुसरी त्यांची ताकीद चुन्याबद्दलची. कळीचा चुना कातडी जाळतो. तो नीट विरवून, निवू देऊन, गाळून लावायचा, आणि पूर्ण वाळेपर्यंत त्या भागात जनावर फिरकू द्यायचं नाही. आम्ही एक रात्र दोरी बांधून ठेवली.

राणीनं पहिल्या दुपारी चटई हुंगली आणि वळसा घातला. तिसऱ्या दिवशी पिल्लं चटईवरच झोपलेली होती.

३ मे

सूर्य आता बरोबर डोक्यावर येतो. गोव्याचा अक्षांश साडेपंधरा, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या वस्तूला सावलीच पडत नाही. मार्चमध्ये भरवशाची वाटलेली उत्तरेच्या भिंतीची सावली गायब झाली आणि तिथलं कुंड उन्हात आलं. आडवी सावली हवी, उभी कामाची नाही. मामांनी चार बांबू रोवून वर माडाच्या चुडतांचा छोटा माटव (मांडव) घातला. आता तिथे काळू कायमचा.

मांजरं पत्र्यावर दुपारी जात नाहीत, ती शहाणी आहेत. पण गाडीच्या बॉनेटवर उडी मारतात, आणि कुत्री-मांजरं दोन्ही गाडीखाली झोपतात. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायची, असं सगळ्यांना सांगितलं. स्कूटरच्या पायाजवळ कुत्र्याला उभं करून नेणारे बरेच. उन्हात लावलेल्या स्कूटरचं ते काळं रबर हात लावून बघावं. त्यावर जाडसर ओला टॉवेल घालायचा.

११ मे

नव्या डांबराला कोपऱ्यावर पाझर फुटलाय. एका पिल्लाच्या बोटांत डांबराची गोळी चिकटून केस ओढले जात होते. खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवलं, गोळी मऊ झाली, फडक्यानं पुसून साबणानं धुतलं. रॉकेल किंवा पेट्रोल कधीच नाही, कातडी पोळते आणि चाटल्यास विष. पाझरलेल्या जागेवर मामांनी बारीक वाळू टाकली.

सोन्याची पट्टी सुटली. गादीवर नवी कातडी आली आहे, अजून गुळगुळीत आणि फिकट. यंदाचा उन्हाळा त्याला अंगणाबाहेर दुपारी सोडायचं नाही असं काकींनी परस्पर ठरवून टाकलं.

२४ मे

काल वळवाची सर आली. रस्ता ५६ वरून ३१ वर, वाफ निघेपर्यंत. पण पाऊण तासात ऊन पडलं आणि पुन्हा ४७. सर गेली म्हणून लगेच फिरायला काढू नये, हात टेकवून बघावं.

दुसऱ्या वसाहतीतून विचारणा आली. त्यांना एवढंच सांगितलं: आधी काही विकत घेऊ नका, दुपारी एक दिवस बसून बघा तुमची कुत्री कुठून कुठे जातात, आणि पाण्याची भांडी तिथे हलवा.

९ जून

मृगाचा पाऊस लागला. चटया काढल्या, धुतल्या, वळचणीला वाळवून काकांच्या माळ्यावर ठेवल्या. भिजत राहिल्या तर कुजतात आणि त्यात गोचिड्या होतात. ऑक्टोबरच्या उन्हाला त्या पुन्हा लागतील.

झाडं लावायला सुरुवात. गुलमोहर नको असं ठरलं, ऐन उन्हाळ्यात त्याची सावली विरळ असते. करंज फाल्गुनाच्या आसपास पानं टाकतो, पण एप्रिलपर्यंत नव्या पालवीनं भरून येतो. ओवळीची (बकुळीची) सावली बारमाही दाट. गल्लीच्या पश्चिम कडेला दोन करंज आणि तीन ओवळी लावल्या, म्हणजे दुपारनंतरच्या उन्हात सावली रस्त्यावर पडेल. गुरांपासून बांबूचं कुंपण मामांकडे. पाऊस थांबल्यावरचं पाणी मुलांकडे, सुट्टीत गावी गेली तर माझ्याकडे. यंत्राची बॅटरी काढून ठेवली.